रेडिएटर धरावा, आवळू नये

चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक ही मोटारसायकल २०१३ साली भारतात आली. ३७३ घनसेंटीमीटरचं, एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं तिचं इंजिन सुमारे ३२ किलोवॅट ताकद देत असे. एवढ्या लहान आकारात एवढी ताकद देणारं आणि सहज मिळणारं इंजिन आपल्याकडे तोवर दुर्मीळ होतं. मग अभियांत्रिकी कॉलेजांतल्या मुलांनी हे इंजिन मोटारसायकलवरून उतरवलं आणि स्वतः वेल्डिंग केलेल्या पाइपांच्या चासीत, चार चाकांच्या मध्ये बसवलं. विद्यार्थ्यांच्या शर्यतींसाठी बांधलेल्या देशातल्या कितीतरी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ गाड्या आज याच इंजिनावर धावतात.

इंजिन उतरवलं की त्याच्यासोबतचं बरंच काही मागे राहतं. मोटारसायकलवर रेडिएटर पुढच्या चाकामागे, उघड्या वाऱ्यात असतो. त्याची जागा, त्याचे रबरी बुश, त्याचे ब्रॅकेट हे सगळं कंपनीच्या इंजिनिअरांनी हजारो किलोमीटरच्या चाचण्या घेऊन ठरवलेलं असतं. कारमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे जातं आणि रेडिएटर बहुधा एका बाजूच्या आवरणात, म्हणजे पॉडमध्ये. तिथे त्याला धरायला काहीच नसतं. माऊंटिंग आपलं आपण बनवायचं असतं, नाहीतर बाजारातलं तयार घेऊन जुळवायचं असतं. हे काम बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, घाईघाईत होतं. इंजिन, गिअर, सस्पेन्शन यांवर महिनोन्‌महिने डोकं लावलेलं असतं आणि रेडिएटरला मात्र दोन पट्ट्या आणि चार बोल्ट मिळतात. गाडी तापण्याची आणि पाणी गळण्याची मुळं पुष्कळदा याच चार बोल्टांत असतात. म्हणून या दुर्लक्षित भागाबद्दल नीट समजून घेऊ.

घरी बांधलेली कार आणि कायदा

सुटे भाग आणून स्वतः कार जोडायची पद्धत इंग्लंडमध्ये रुजली. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही तिथली हलकी, उघडी कार सुट्या भागांच्या रूपातही विकली जाई. पूर्ण तयार कारवर खरेदीकर लागत असे, सुट्या भागांवर तो वाचत असे. १९७३ पासून केटरहॅमने तीच परंपरा पुढे चालवली. महाराष्ट्रात अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने त्याच धाटणीची रोडस्टर बांधली. कॉन्टेसामध्ये असलेलं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन तिच्यात होतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून बनवलेली, पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी त्या गाडीच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती मिळालीही.

ही जीप नियमांत बसत नाही, तिला रस्त्यावर कधीतरी अडवलं जाईल, हेही महिंद्रांनी तेव्हाच सांगितलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा काटेकोर अर्थ लावला आहे. नवी गाडी बांधून विकायची असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे तिचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा संस्थांपैकी दोन तर आपल्या पिंपरी-चिंचवडच्या दाराशी आहेत. १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचं (एआरएआय) मुख्यालय पुण्यात वेताळ टेकडीवर आणि एक केंद्र चाकणला आहे, तर सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था भोसरीत पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. एकट्या हौशी माणसाला हा खर्च आणि ही प्रक्रिया झेपणारी नसते.

त्यामुळे स्वतः बांधलेली कार आपल्याकडे खऱ्या अर्थाने जगते ती बंद ट्रॅकवर, विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात १९८१ साली सुरू झालेली फॉर्म्युला एसएई ही या स्पर्धांची आई. भारतात फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते, शिवाय सुप्रा एसएईइंडिया ही आणखी एक. निगडी प्राधिकरणातल्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा ‘क्रॅटॉस रेसिंग’ हा संघ याच मैदानातला. बाजा एसएईइंडियाच्या खडबडीत रस्त्यावरच्या गाड्यांना हवेने थंड होणारं इंजिन असतं, म्हणून तिथे रेडिएटरचा प्रश्न येत नाही. फॉर्म्युला गाड्यांत मात्र तो पहिल्या दिवसापासून उभा असतो.

किती उष्णता, किती वारा

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांना मिळतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. वळणावळणाच्या ट्रॅकवर इंजिन सतत पूर्ण ताकदीने चालत नाही. समजा सरासरी १२ किलोवॅट उष्णता पाण्यात जाते आणि पंप सेकंदाला अर्धा लिटर पाणी फिरवतो. तर रेडिएटरमधून जाताना पाणी साधारण ६ अंशांनी थंड व्हायला हवं. ही उष्णता हवेने उचलायची आहे. हवा रेडिएटरमधून जाताना ३० अंशांनी तापते असं धरलं, तर सेकंदाला सुमारे ३५० लिटर हवा लागते. तीस सेंटीमीटर लांब आणि तेवढ्याच उंच रेडिएटरच्या तोंडातून ती जायची म्हणजे सेकंदाला जवळपास ४ मीटर वेगाने जायला हवी.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे आत शिरणारं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा डिसेंबरातल्या सकाळची १५ अंशांची असेल तर फरक ८० अंशांचा. एप्रिल-मेमध्ये पिंपरी-चिंचवडला पारा ४० वर जातो तेव्हा तो फरक ५५ वर येतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण क्षमता जवळपास तीस टक्क्यांनी कमी. हिवाळ्यात चाचणी करून समाधानी झालेली गाडी उन्हाळ्यात उकळते, त्याचं कारण हे आहे.

स्पर्धेचे नियमही कठोर आहेत. इंजिनाच्या पाण्यात कूलंट किंवा दुसरं काहीही मिसळायला बंदी आहे, फक्त साधं पाणी चालतं. ट्रॅकवर कूलंट सांडलं तर मागून येणाऱ्या गाडीची चाकं घसरतात, म्हणून ही खबरदारी. उतू जाणारं पाणी गोळा करायला वेगळा डबा लागतो. तपासणीत गाडी ६० अंशांनी कलती करतात, तेव्हा एक थेंबही गळू द्यायचा नसतो. मग सुमारे २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स शर्यत. तिच्या मध्यावर ड्रायव्हर बदलतो, तेव्हा तापलेलं इंजिन बंद होतं, पाणी फिरणं थांबतं, धातूतली उष्णता पाण्यात मुरते आणि तापमान आणखी चढतं. त्यानंतर इंजिन पुन्हा सुरू व्हायलाच हवं. जिथे कुठे कच्चा दुवा असेल तो इथे उघडा पडतो.

पीळ, प्रसरण आणि थरथर

आजचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. पाणी वाहून नेणाऱ्या चपट्या नळ्यांची भिंत मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही पातळ, आणि नळ्यांमधली पन्हळी फिन त्याहून कितीतरी पातळ. कारच्या रेडिएटरला दोन टोकांना बहुधा नायलॉनच्या टाक्या असतात. त्या रबरी गॅस्केट ठेवून धातूच्या कडा दुमडून बसवलेल्या असतात. उष्णता टाकण्यासाठी ही रचना उत्तम आहे, पण भार सोसण्यासाठी ती बनवलेलीच नाही. नळ्या आणि फिन यांच्या गाभ्याने, म्हणजे कोअरने, फक्त आतल्या पाण्याचा दाब सोसायचा असतो. बाहेरचा कुठलाही जोर त्याच्यापर्यंत पोहोचू न देणं हे माऊंटिंगचं काम.

हा जोर तीन वाटांनी येतो. पहिला चासीचा पीळ. गाडी वळताना किंवा एकच चाक उंचवट्यावर चढताना चासी थोडी पिळली जातेच. अर्ध्या अंशाचा पीळ म्हटलं तर काहीच नाही, पण ४०० मिलिमीटर रुंदीवर तो साडेतीन मिलिमीटरचा होतो. रेडिएटर चारही कोपऱ्यांत घट्ट बोल्टांनी बांधला असेल तर हा पीळ त्याच्यात उतरतो आणि नळी जिथे टाकीला मिळते तिथला जोड तुटू लागतो. याला सोपं उत्तर भूमितीत आहे. कुठलीही पातळी ठरायला तीन बिंदू पुरतात. रेडिएटर तीन ठिकाणी धरला तर चासी कितीही पिळली तरी तो फक्त कलतो, वाकत नाही. चार ठिकाणी धरायचाच असेल तर चारही ठिकाणी हालचालीला वाव देणारं रबर हवं.

दुसरा जोर तापमानाचा. ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत सुमारे २३ भाग प्रसरण पावतं, लोखंड साधारण १२ भाग. ४०० मिलिमीटर लांब रेडिएटर २५ अंशांवरून ९५ वर गेला की सहा दशांश मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. त्याला धरणारी लोखंडी चासी मात्र थंडच राहते, म्हणून ती जागा देत नाही. गाडी जितक्या वेळा तापेल आणि निवेल तितक्या वेळा हा ताण येतो आणि जातो. म्हणून रेडिएटरला खालून धरणाऱ्या दोन पिनांसाठी ब्रॅकेटमध्ये भोकं पाडताना एक गोल आणि दुसरं लांबट ठेवायचं. गोल भोक जागा पक्की करतं, लांबट भोक वाढीला वाट देतं.

तिसरा जोर थरथरीचा, आणि तो सगळ्यांत चिवट. विद्यार्थ्यांच्या गाड्यांत इंजिन बहुतेक वेळा रबराशिवाय थेट चासीला बांधलेलं असतं. एका सिलिंडरच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट असला तरी काही कंप उरतोच. मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर तो सेकंदाला १५० वेळा येतो. म्हणजे तासाला ५ लाख ४० हजार वेळा. एका झटक्याने न तुटणारी पट्टी एवढ्या वेळा वाकवली की तडकते. या तडकण्याला धातूची थकावट म्हणतात. तडा बहुधा वेल्डिंगच्या कडेला किंवा भोकाच्या काठावर सुरू होतो आणि पाणी ठिबकेपर्यंत दिसतही नाही.

रबर किती मऊ हवं

थरथर अडवायला रबरी बुश, पण कुठलाही रबरी बुश नव्हे. त्याचा हिशोब सोपा आहे. रेडिएटर बुशवर ठेवल्यावर त्याच्या वजनाने रबर किती मिलिमीटर दबतं ते पाहायचं. १५.८ ला त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागलं की रेडिएटरची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला किती, ते मिळतं. वेगाने हलताना रबर थोडं ताठ वागतं, म्हणून प्रत्यक्षातला आकडा जरा वर असतो. इंजिनाचा कंप या संख्येच्या सुमारे १.४ पटीपलीकडे गेला की रबर तो अडवू लागतं. त्याआधी मात्र ते कंप वाढवतंही.

रबर अर्धा मिलिमीटर दबलं तर ही संख्या २२ येते. म्हणजे इंजिन आयडलवर असताना रेडिएटर थोडा थरथरताना दिसेल, पण मिनिटाला दोन हजार फेऱ्या ओलांडल्या की तो शांत होत जाईल. रबर इतकं कडक असेल की दशांश मिलिमीटरच दबतं, तर संख्या ५० येते. मग ४,२०० फेऱ्यांपर्यंत बुश असून नसल्यासारखा. उलट रबर ४ मिलिमीटर दबण्याइतकं मऊ असेल तर संख्या ८ येते, आणि रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याला रेडिएटर झुलू लागतो, होज पाइप ओढले जातात. अर्धा ते एक मिलिमीटर हा चांगला पल्ला आहे.

बाजारात आकर्षक रंगांचे पॉलियुरेथेनचे कडक बुश आणि चकचकीत ॲल्युमिनियमचे माऊंट मिळतात. सस्पेन्शनच्या सांध्यात कडक बुशचा उपयोग असतो, कारण तिथे चाकाची दिशा ढळू द्यायची नसते. रेडिएटरला तोच नियम लावला की नुकसान होतं. इथे साधा, मऊ, मोटारसायकलचा किंवा छोट्या कारचा मूळ बुश अनेकदा जास्त चांगलं काम करतो. रबराची जातही पाहावी. ईपीडीएम रबर गरम पाणी आणि ऊन सोसतं, रेडिएटरचे होज त्याचेच असतात. पण तेल आणि पेट्रोल त्याला फुगवतात. तेल सांडण्याची शक्यता असलेल्या जागी नायट्राइल रबर घ्यावं. साधं नैसर्गिक रबर उष्णतेने लवकर कडक होतं आणि चिरतं.

बुशच्या आत स्टीलची छोटी नळी, म्हणजे स्लीव्ह, असायलाच हवी. बोल्ट आवळल्यावर ताण स्लीव्हवर येतो, रबर मोकळं राहतं. स्लीव्ह नसेल तर बोल्ट रबरालाच चिरडतो. मग रबर एकतर दगडासारखं घट्ट होतं, नाहीतर काही दिवसांत बसतं आणि बोल्ट ढिला पडतो. दोन्ही बाजूंना रुंद वॉशर घालावा, म्हणजे रबर फाटलं तरी रेडिएटर खाली पडणार नाही.

ब्रॅकेट बनवताना

कामाची सुरुवात पुठ्ठ्यापासून करावी. रेडिएटरच्या मापाचा, टाक्या आणि पंखा धरून पूर्ण जाडीचा नमुना बनवून तो चासीत ठेवावा. चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावीत, सस्पेन्शन वरखाली करून पाहावं, एक्झॉस्टचा पाइप किती जवळ येतो ते मोजावं. चारही बाजूंना किमान दहा मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, कारण रबरावरचा रेडिएटर हलणारच.

भार कुठे जातो ते आधी ठरवावं. पंखा आणि पाण्यासह रेडिएटरचं वजन ३ किलो धरलं आणि खड्ड्यात पाचपट धक्का बसला तर क्षणभर १५ किलोचा भार येतो. हे वजन खालच्या दोन पिनांनी पेलायचं. वरच्या बुशने फक्त रेडिएटरला मागे-पुढे पडू द्यायचं नाही. दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याची, कडा दुमडलेली टॅब या भाराला पुरते. नुसत्या सपाट पट्टीपेक्षा दुमडलेली कडा कितीतरी ताठ असते. टॅब पाइपांच्या जोडाजवळ लावावी, लांब पाइपच्या मधोमध नको, कारण पाइपचा मध्य सर्वांत जास्त थरथरतो.

वेल्डिंग करताना रेडिएटर जागेवर ठेवू नये. आधी त्याच मापाचं लोखंडी जिग ठेवून टॅब टॅक कराव्यात, मग खरा रेडिएटर बसवून पिना सहज उतरतात का ते पाहावं, तो काढावा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावं. वेल्डिंगच्या ठिणग्या पातळ फिनला भोकं पाडतात. वेल्डिंग थंड होताना धातू आकसतो आणि टॅब खेचल्या जातात, म्हणून रंग देण्यापूर्वी पुन्हा एकदा जुळणी करून पाहावी. पिन हाताने उतरत नसेल तर भोक कानशीने मोकळं करावं. रेडिएटर दाबून, हातोडीने ठोकून बसवला तर तो पहिल्या दिवसापासून ताणाखाली राहतो.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नयेत. कोअरमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आरपार ओवून पंखा बांधू नये. थरथरीने त्या पट्ट्या नळ्यांवर घासतात आणि भोक पडतं. पंखा त्याच्या आवरणासकट टाक्यांच्या टॅबवर बसवावा. दुसरं म्हणजे पंख्याची अर्थिंगची तार रेडिएटरला जोडू नये, ती थेट चासीला किंवा बॅटरीला न्यावी. पाण्यातून वीज वाहू लागली की ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना थेट टेकले तरी गंज धरतो, तिथेही रबर उपयोगी पडतं.

वाऱ्याला आणि पाण्याला वाट

माऊंटिंगची जागा ठरली की हवेचा आणि पाण्याचा मार्गही ठरून जातो. हवा नेहमी सोपी वाट धरते. पॉड आणि रेडिएटर यांच्यात दोन सेंटीमीटरची फट राहिली तर हवा दाट फिनमधून जाण्याऐवजी फटीतूनच निसटते. ती फट मऊ फोमने बंद करावी. पत्र्याने बंद केली तर रबराने दिलेली मोकळीक वाया जाते. गरम हवा बाहेर पडायलाही पुरेशी वाट ठेवावी. पुढे मोठं तोंड आणि मागे बंद पॉड अशी रचना असेल तर पंखा नुसता घुमतो.

पाण्याचा नियम एकच, हवा वर जाते. पॉडमधला रेडिएटर इंजिनाच्या डोक्यापेक्षा खाली बसतो. झाकण रेडिएटरवरच ठेवलं तर इंजिनाच्या वरच्या भागात हवेचा बुडबुडा अडकतो, तिथे पाणी पोहोचत नाही आणि तापमानाचा काटाही कधीकधी खोटं सांगतो. म्हणून पाणी भरायची छोटी टाकी आणि झाकण सगळ्या व्यवस्थेतल्या सर्वांत उंच जागी ठेवावं. झाकणाची स्प्रिंग दाब धरून ठेवते. बाहेरच्या दाबावर आणखी १ बार दाब असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं. त्यामुळेच गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच पाणी उसळून अंगावर येतं आणि भाजणं गंभीर असतं.

होज पाइपांनी रेडिएटरचं वजन उचलू नये. इंजिन आणि रेडिएटर यांच्यात होजचा थोडा बाक ठेवावा, म्हणजे दोघांची हालचाल त्यात मुरते. पाइपच्या टोकाला उंचवट्याची कड असावी आणि क्लॅम्प तिच्या मागे बसावा. नुसत्या गुळगुळीत टोकावरून होज दाबाने निसटतो.

गाडी ट्रॅकवर नेण्याआधी थंड अवस्थेत हातपंपाने १ बार दाब भरून दहा मिनिटं तो टिकतो का ते पाहावं. रेडिएटर हाताने हलवावा. तो सगळीकडे सारखा हलला पाहिजे, पण कुठेही धातू धातूला लागता कामा नये. ८.८ ग्रेडचा सहा मिलिमीटरचा बोल्ट सुमारे १० न्यूटन-मीटरने आवळावा आणि नटवर रंगाची रेघ मारावी. रेघ सरकली की नट ढिला झाल्याचं लगेच दिसतं. पहिल्यांदा गाडी तापवून थंड केल्यावर सगळे क्लॅम्प पुन्हा तपासावेत. शर्यत संपल्यावर साधं पाणी काढून टाकावं, कारण गंज रोखणारी द्रव्यं त्यात नसतात.

वीज आली तरी रेडिएटर राहणार

क्रॅटॉसचा संघ आता इलेक्ट्रिक गाड्या बनवतो आणि अनेक संघ त्या वाटेने निघाले आहेत. इंजिन गेलं म्हणून रेडिएटर जात नाही. मोटर आणि तिच्या कंट्रोलरमध्ये वाया जाणारी ऊर्जा पेट्रोल इंजिनापेक्षा फारच कमी असते, पण कंट्रोलरला थंड पाणी लागतं, बहुधा ५० ते ६० अंशांपर्यंतचंच. हवा ३५ अंशांची असेल तर फरक उरतो जेमतेम १५ ते २५ अंशांचा. उष्णता कमी, पण ती टाकण्याची संधीही तेवढीच कमी. इंजिनाची थरथर गेली तरी चासीचा पीळ आणि रस्त्याचे धक्के तसेच राहतात. माऊंटिंगचं शास्त्र इथेही तेच.

पिंपरी-चिंचवडमध्ये हे शास्त्र शिकायला दूर जावं लागत नाही. १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली, १९६६ साली टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) पिंपरीचा कारखाना उभा राहिला आणि त्यांच्या आधाराने भोसरी, तळवडे, चाकण इथे सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांची दाटी झाली. टाटा टोयोचे रेडिएटर हिंजवडीत बनतात, माहलेचा कारखाना चाकण परिसरात आहे. लेझर कटिंगपासून रबर मोल्डिंगपर्यंत सगळी कामं करणारी माणसं काही किलोमीटरच्या आत भेटतात. त्यांच्यातला एखादा जुना फिटर बुश बोटाने दाबून सांगतो की हा कडक आहे, आणि वरच्या हिशोबातून तेच उत्तर येतं. त्या अनुभवाला आकड्यांची जोड देणं हे विद्यार्थ्यांचं काम आहे.

म्हणून स्वतः गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. रेडिएटरची जागा आणि त्याचे तीन आधारबिंदू चासीच्या पहिल्या आराखड्यात काढा, शेवटचा पाइप जोडून झाल्यावर नव्हे. भोसरीतल्या एखाद्या रबरवाल्याकडे, चाकणमधल्या एखाद्या व्हेंडरकडे जा, तुमचा रेडिएटर त्याच्यासमोर ठेवा आणि कोणता बुश घेऊ ते विचारा. मग तो बुश किती दबतो ते स्वतः मोजा. एवढं केलंत तर एन्ड्युरन्समध्ये ड्रायव्हर बदलल्यानंतर तुमची गाडी पुन्हा सुरू होण्याची शक्यता कितीतरी वाढेल.